आई आहे तोवर

अगाताने सुपारीच्या टोपलीवर केळीचं पान ओढून घेतलं आणि ती नदीकडे बघत बसली. एवढंच झालं. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड भिरकावला नाही, बंदूक तर नाहीच नाही. आणि तोआरा गावात यातलं काहीही कधीही होऊ शकत होतं. पण सार्जंट इसिकेलीचा पुढे केलेला हात तसाच राहिला. तो मागे घ्यावा, की घाम पुसायच्या निमित्ताने कपाळाकडे न्यावा, हे त्याला चटकन सुचेना. एवढा आडदांड फिजीचा गडी, अंगात शांतिपथकाचा पिवळा सदरा, कमरेला हत्यार नाही, कारण हत्यार नसलेलीच माणसं या बेटावर येतील असं दोन्ही बाजूंनी कबूल करून घेतलं होतं. आणि तो एका सुपारीवाल्या बाईसमोर भिकाऱ्यासारखा हात पसरून उभा. दर शनिवारी तो पुलाजवळच्या बाजारातून फेरी मारायचा आणि अगाता त्याला फुकटची एक सुपारी आणि चिमूटभर चुना द्यायची. ‘घे, दात लाल कर, म्हणजे माणसात येशील,’ म्हणायची. आज तिच्या शेजारणीसुद्धा एकदम रताळी निवडायला लागल्या होत्या. त्याने हात खिशात घातला. बरोबर जेमा होती, इथलीच, लढाईआधी शाळेत शिकवणारी आणि आता पथकाची दुभाषी. तो तिला म्हणाला, ‘‘आज मावशींचं काय बिनसलंय?’’ जेमा म्हणाली, ‘‘ऊन फार आहे आज.’’ आभाळ गच्च भरून आलेलं होतं.

ऊन फार आहे, हे असं उत्तर त्याच्या ओळखीचं होतं. लेबनॉनच्या डोंगरातल्या नाक्यावर म्हातारे दुकानदार असंच बोलायचे, वारा सुटलाय, आज भाव चढलेत, आणि समजायचं की पुढच्या वळणावर सुरुंग आहे. तो नाक्यांवर म्हातारा होत आलेला शिपाई होता. पण इथे पॅसिफिकमधल्या बोगनव्हिल बेटावर आल्यावर त्याला पहिल्यांदाच आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं होतं. नारळ तोच, डुक्कर तेच, चर्चची घंटा तीच, पाहुण्याला चटई टाकायची रीत तीच. पथकातले गोरे अधिकारी येताना या लोकांच्या चालीरीतींवरची पुस्तकं वाचून आले होते, आणि जेवताना एकमेकांना त्यातलं वाचून दाखवायचे. इसिकेली गालात हसायचा. पुस्तकात कसलं सापडतंय? हे रक्तात असावं लागतं. कमांडरही म्हणायचा, ‘तुला विचारल्याशिवाय मी इथे पाऊल उचलत नाही, तू त्यांच्यातला.’ हे ऐकून त्याची छाती दोन बोटं वर यायची. ती वर आलेली छाती आता त्याला आठवली आणि बाजाराच्या मधोमध त्याचे कान तापले. अजून काय चुकलं ते त्याला कळलेलंसुद्धा नव्हतं, तरी तापले. लाज ही अशी आधीच येते, निरोप मागून.

मंगळवारचं असणार. मंगळवारी समेट झाला होता. नदीच्या या बाजूला सरकारी फौजेच्या आसऱ्याने राहिलेली माणसं, त्या बाजूला जंगलात जाऊन लढलेली, आणि मधे जळक्या कठड्यांचा पूल. पुलावर पथकाची राहुटी. थादेऊस हा अगाताचा मुलगा, त्याला लढाईत सिप्रियानने नदीच्या उतारावर गोळी घातली होती. सिप्रियान मूळचा याच बाजूचा, थादेऊसबरोबर एका वर्गात बसलेला. पुढे तो जंगलात गेला, हा राहिला. आता युद्ध थांबलं होतं, म्हणजे गोळ्या थांबल्या होत्या. आणि सिप्रियानची आई तेक्ला या बाजूला आपल्या घरात एकटी अंथरुणाला खिळली होती. तो रोज पुलाच्या पलीकडच्या टोकाला येऊन उभा राहायचा. हाका मारायचा नाही, भांडायचा नाही. एकदा इसिकेली जवळ गेला तेव्हा म्हणाला, ‘‘माझी आई जायला टेकलीय. तुम्ही लोक शांतता आणायला आलात ना? मग थोडी मलाही द्या.’’

इसिकेलीला हे लागलं, कारण त्याची स्वतःची आई गेली तेव्हा तो लेबनॉनमध्ये वाळूच्या पोत्यांमागे उभा होता. वडिलांचं पत्र आलं होतं, येऊ नकोस, नोकरी सांभाळ, सगळं आटोपलंय. वडिलांचा शब्द म्हणजे शब्द. तो गेला नाही. आई दुसऱ्या बेटावरून आलेली, घरात कायम दाराशी बसायची, खालच्या अंगाला, सगळ्यांचं जेवण झालं की जेवायची. तिला शेवटी काय झालं होतं हेही त्याने नीट विचारलं नाही. पुरुषाने कुणाला विचारायचं असतं हे? मग सिप्रियानला बघून त्याने ठरवलं की या माणसाला त्याच्या आईजवळ न्यायचंच. आणि घाई केली. आज बाजारात उभं राहून त्याला कबूल करावं लागलं की ती घाई सिप्रियानसाठी नव्हती, तोआरासाठी तर नव्हतीच.

तो ब्लेझकडे गेला होता. ब्लेझ थादेऊसचा बाप, कोको वाळवणारा लहानखुरा मऊ माणूस. इसिकेलीने आपल्या गावाकडच्या पद्धतीने मान देताना ठेवतात ती यांगोनाच्या मुळ्यांची जुडी त्याच्यापुढे ठेवली, मांडी घातली, खाली मान घालून बोलला. ब्लेझ ढसाढसा रडला आणि म्हणाला, ‘‘माझ्याकडून त्याला माफ आहे. मला थकायला झालंय, सार्जंट.’’ झालं. मंगळवारी पुलाच्या तोंडाशी चटई घातली, पथकाच्या खर्चाने डुक्कर आणलं, हेलिकॉप्टरने साहेबमंडळी उतरली. ब्लेझ आणि सिप्रियानने मिळून बाण मोडला, दगड पुरला, एकाच चुन्याच्या डबीतून सुपारी खाल्ली. फोटो निघाले. कमांडरने इसिकेलीच्या पाठीवर थाप मारली. आणि त्याआधी, सगळं सुरू व्हायच्या आधी, अगाता आली होती. केस बारीक कापलेले, काळा झगा. ती सरळ येऊन चटईच्या मधोमध बसली. इसिकेलीने स्वतः, स्वतःच्या हाताने, तिच्या कोपराला धरून तिला उठवलं. अगदी अदबीने. ‘‘मावशी, इथं उन्हात कशाला, तिकडं सावलीत बसा, बायका आहेत,’’ म्हणाला, आणि तिला चुलीजवळ नेऊन बसवलं. चहाही दिला. तिने एकदा वर त्याच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, थकलेली बाई, उपकार मानतेय. मग तिच्या हातात कुणीतरी सुरी दिली आणि सगळा समारंभभर ती डुकराबरोबर शिजवायची रताळी सोलत होती.

‘‘जेमा, मंगळवारी माझं काही चुकलं का?’’ त्याने पुलाकडे चालता चालता विचारलं. जेमा थांबली. तिने चपलेतला खडा काढला, मग दुसऱ्या चपलेतला, जो नव्हताच. ‘‘थादेऊस कुणाचा मुलगा?’’ ती म्हणाली. ‘‘ब्लेझचा.’’ ‘‘तिथंच घोडं पेंड खातंय. थादेऊस अगाताचा मुलगा. अगाताच्या कुळातला, तिच्या आईच्या जमिनीवरचा. ब्लेझ बाप आहे, चांगला बाप आहे, खांद्यावर घेऊन पोर फिरवलंय त्यानं, पण नवरा म्हणजे या घरात आलेला माणूस. माफ करायचं ते अगाताने, नाहीतर थादेऊसच्या मामांनी. तू ब्लेझकडून शेजाऱ्याचं डुक्कर दान करून घेतलंस.’’ मग ती जरा हळू म्हणाली, ‘‘आणि ज्याचं डुक्कर, त्याला रताळी सोलायला बसवलंस.’’

इसिकेली चालत राहिला. त्याला वाटलं, पावसाला आता यायला हरकत नाही. ‘‘मग कुणी बोललं का नाही? तू का नाही बोललीस?’’ जेमाने हात झटकले. ‘‘तू बोलू दिलंस? मी दोनदा तोंड उघडलं, तू म्हणालास, हेलिकॉप्टर निघालंय. आणि खरं सांगू? सगळ्यांनाच ठाऊक होतं. लहान पोरांनासुद्धा. पण तू इतक्या लांबून आलेला, डुक्कर आणलंस, तांदळाची पोती आणलीस, पाहुण्याच्या तोंडावर कसं सांगायचं की बाबा, तुझी पंगत चुकीच्या घरी बसलीय? आम्ही म्हटलं, ह्या लोकांचा काहीतरी समारंभ असेल, होऊन जाऊ दे. आपला आपण नंतर करू.’’ ‘‘ब्लेझसुद्धा?’’ ‘‘ब्लेझ खरा रडला. फक्त ते पुरत नाही.’’ हे ती अशा समजूतदार आवाजात म्हणाली की त्याला तिने थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. सगळं गाव त्या दिवशी त्याच्याकडे बघत होतं आणि त्याचा मान राखत होतं. बाण मोडताना झालेल्या टाळ्या त्याला पुन्हा ऐकू आल्या. किती वेळ वाजल्या होत्या! आणि तो हात वर करून पुरे, पुरे म्हणत होता, लग्नातल्या व्याह्यासारखा.

सिप्रियान आईच्या घरावर चढून छपराचा पत्रा ठोकत होता. इसिकेलीने खालून त्याला सांगितलं, सगळं सांगितलं, आणि म्हणाला की तू आजच पलीकडे परत जा, मी बरोबर येतो. सिप्रियानने तोंडातले खिळे हातावर काढले. ‘‘मला ठाऊक होतं,’’ तो म्हणाला. ‘‘ठाऊक होतं? मग आलास कशाला?’’ ‘‘तुम्ही दार उघडलंत. दार चुकीचं होतं, पण आत आई होती.’’ ‘‘अगाताचे डोंगरावरचे भाऊ सूड घ्यायला उतरले तर?’’ ‘‘तर उतरले.’’ मग त्याचा आवाज चढला, पण फार नाही, आत म्हातारी झोपली होती. ‘‘तू आणलंस, आता तूच नेतोस. मी काय खोबऱ्याचं पोतं आहे? तिला मातीत घालून, तिचं सुतक धरून मगच मी हलेन. मी पळणार नाही, सार्जंट. एकदा पळालो होतो, मुलगा असून रानोमाळ भटकलो, ती इथं एकटी पडून होती.’’ आणि खिळे परत तोंडात घालून तो ठोकायला लागला. इसिकेली खाली उभा राहून हिशेब करत होता, त्याला दुसरं काय येत होतं: सिप्रियानला मारलं की पलीकडचे पुरलेल्या बंदुका उकरणार, पुलावरची राहुटी पहिल्या तासात जाणार, आणि बाजारातल्या त्या रताळी निवडणाऱ्या बायका पुन्हा जंगलात. हे सगळं त्याच्या एका अदबीपायी.

त्याच्या पेटीत देवमाशाचा दात होता, निघताना गावच्या प्रमुखाने दिलेला, दोरी ओवलेला, तेल पिऊन पिवळा झालेला. त्याच्या मुलखात हा दात पुढे ठेवून क्षमा मागितली की ती नाकारता येत नाही. तो घेऊन तो अगाताच्या अंगणात गेला, जमिनीवर बसला, दोन्ही हातांवर दात धरून मान खाली घालून राहिला. पायरीवर तिचा धाकटा भाऊ कोयत्याला धार लावत होता, त्याने हात थांबवला नाही. अगाताने वाकून दाताकडे पाहिलं. ‘‘कुणाचा दात हा?’’ ‘‘देवमाशाचा, मावशी.’’ ‘‘माशाला विचारलं होतंस?’’ भाऊ खुदकन हसला आणि मग हसल्याबद्दल रागावल्यासारखा जोरात धार लावायला लागला. इसिकेलीने दात खाली मांडीवर घेतला. ‘‘माझं चुकलं,’’ तो म्हणाला. ‘‘तुम्हाला तिथून उठवायला नको होतं.’’ ‘‘नको होतं,’’ अगाता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवेना. ‘‘सिप्रियानने माझ्या पोराला मारलं तेव्हा त्याच्या हातात बंदूक होती आणि माझ्या पोराच्याही. ते एक समजतं. पण तुम्ही सगळे चटईवर बसून थादेऊसचा निकाल लावत होतात आणि मी त्याच्या जेवणाची रताळी सोलत होते. मला हात थांबवता येईना. लोक जेवायला थांबलेत, मग काय करणार.’’

त्याने विचारलं, आता काय करू? ती म्हणाली, तू काही करायचं नाहीस, तुझं करून झालंय. विचारायला तेक्लाने यायचं असतं. मारणाऱ्याच्या आईने मेलेल्याच्या आईकडे. ‘‘आम्ही त्यांना डोलीत घालून आणतो,’’ इसिकेली घाईने म्हणाला, आणि बोलताक्षणी त्याला स्वतःची जीभ चावावीशी वाटली. ‘‘हो, आण. आणि बरोबर फोटोवाला पण आण,’’ अगाता म्हणाली. ‘‘तिच्या पायांनी यायला हवं. नाहीतर तिच्या कुळातली दुसरी कुणी बाई. बहीण होती, ती औषधावाचून गेली, लढाईत बोटी बंद होत्या तेव्हा. भाची समुद्रापलीकडे गेली ती गेलीच. राहिली तेक्ला. मी काय दगड नाही. आम्ही दोघींनी एका नदीवर धुणी धुतलीत. तेव्हा ती आहे तोवर माझे भाऊ डोंगरावरून खाली यायचे नाहीत, हाही उठायचा नाही, मी सांगते त्यांना. तो पोरगा आईजवळ राहू दे.’’ धार लावायचा आवाज थांबला होता. ‘‘आणि त्यानंतर?’’ इसिकेलीने विचारलं. ‘‘त्यानंतर त्याच्यासाठी विचारायला कुणी नाही, आणि मला थांबायला कारण नाही. आई आहे तोवर.’’ तिने आत जाऊन त्याला पाणी आणून दिलं. तो ते प्याला.

मग त्याने भाचीचा शोध घ्यायला बिनतारी निरोप पाठवले, या बंदरावर, त्या बंदरावर. उत्तर यायचं, माहिती नाही. आणि रोज सकाळी तो तेक्लाकडे जायला लागला. पथकाच्या डॉक्टरीणबाईला नेलं, सलाईन लावलं, दुधाचे डबे नेले, साखर, औषधं. तेक्ला म्हणजे नुसती हाडं आणि दोन डोळे उरले होते. पोटातलं दुखणं उठलं की ती चटईची काडी काडी उपसायची, पण ओरडायची नाही. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाली, ‘‘हिला आता सोडा. सुईने काय होतंय, नुसतं लांबतंय.’’ इसिकेली म्हणाला, ‘‘लांबू दे.’’ तिने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, मग खांद्यावर हात ठेवला. तिला वाटलं, माया. सगळ्यांनाच तसं वाटलं. रविवारी फादरनी प्रवचनात त्याचं नाव घेतलं, परमुलखातून आलेला माणूस परक्या आईची सेवा करतोय, आणि पुढच्या बाकावरच्या बायकांनी डोळे पुसले. इसिकेली बाकाखाली पाय लपवत बसला. बाजारात लोक त्याला पपया देऊ लागले. आपल्या आईच्या तोंडात त्याने कधी पाण्याचा थेंब घातला नव्हता. आणि आता सकाळी उठून तेक्लाच्या घराकडे चालताना तो नकळत पळायला लागायचा, तिचा श्वास चालू असेल ना. तो चालू असला की त्याला जे हायसं वाटायचं त्यात तेक्ला कुठेच नसायची. पूल असायचा, राहुटी असायची, कमांडरने वर पाठवलेला अहवाल असायचा. तिच्या तोंडाकडे बघून तो मनात म्हणायचा, अजून थोडं, अजून थोडं, आणि हे एखाद्या बैलाला चढावर म्हणतात तसं म्हणायचा. त्याला आपली किळस यायची. तरी दुसऱ्या दिवशी तो जायचाच. न जाऊन कसं चालेल?

त्या दिवशी सकाळी पाऊस पडून गेला होता. सिप्रियान मागे विहिरीवर होता. डॉक्टरीणबाईने सुई काढून टाकली होती, शीर सापडेना म्हणून. इसिकेलीने रताळं दुधात कुसकरून पातळ केलं होतं आणि तो वाटी घेऊन तेक्लाच्या उशाशी बसला होता. इथे सगळेच तिला आई म्हणत, म्हणून तोही म्हणायचा. ‘‘आई, दोन घास.’’ तेक्लाने डोळे उघडले. ‘‘माझ्यापायी अडलंय म्हणे सगळं,’’ ती म्हणाली. तिचं बोलणं नीट ऐकायला वाकावं लागायचं. ‘‘कोण म्हणालं?’’ ‘‘मी आजारी आहे, बहिरी नाही.’’ ती थांबली. दुखणं येऊन गेलं. ‘‘सिप्रियानला सांग, मी गेले की निघून जा म्हणावं. मातीला थांबू नको.’’ ‘‘सांगितलंय. ऐकत नाही.’’ ‘‘पोरं कुठं ऐकतात,’’ ती म्हणाली आणि तिच्या ओठांना हसल्यासारखं काहीतरी झालं. ‘‘तुझी आहे आई?’’ ‘‘नाही.’’ ‘‘शेवटी कोण होतं तिच्याजवळ?’’ इसिकेलीने वाटीत चमचा फिरवला. ‘‘माहीत नाही,’’ तो म्हणाला, आणि हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. तेक्लाने हात हलवून वाटी बाजूला सारली, सारली म्हणजे बोटं वाटीला लावली, एवढंच बळ होतं. ‘‘मला पुरे झालं, पोरा. फार दुखतंय. आता राहू दे.’’

त्याने वाटी खाली ठेवायला हवी होती. हे त्याला तेव्हाही कळत होतं, पुरतं कळत होतं. मागे विहिरीवर रहाट वाजला, सिप्रियान पाणी ओढत होता, आणि शीळ घालत होता, कसलीतरी शाळेतली जुनी चाल. इसिकेलीने चमचा भरला आणि तिच्या ओठांपाशी नेऊन धरला. ‘‘आई,’’ तो म्हणाला. तेक्लाने त्याच्या पिवळ्या सदऱ्याकडे पाहिलं, मग वर तोंडाकडे. घरी आलेल्या माणसाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. तिने डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं. गिळताना तिचा गळा दोनदा वर-खाली झाला. इसिकेलीने पुढचा चमचा भरला.